बिअर घालून ओट्सचा ब्रेड: यीस्ट नाही, मग फुगतो कसा? आणि दारू खरंच उडून जाते का?

रील्सवर हा ब्रेड सध्या बराच दिसतो. पीठ, ओट्स, बिअर एकत्र करायचं, भट्टीत ठेवायचं, झालं. नांदेड-लातूरकडे घरात ओव्हन असेलच असं नाही, पण कुकर असतोच. तेवढ्यावर भागतं.

आधी एक गैरसमज. ब्रेड बिअरमधल्या यीस्टनं फुगतो असं बरेच जण सांगतात. बाटलीतली बिअर बहुतेक वेळा गाळून, तापवून भरलेली असते, त्यामुळे तिच्यात काम करणारं यीस्ट उरत नाही. फुगवते ती बेकिंग पावडर आणि थोडी मदत बिअरमधल्या वायूची. म्हणून बाटली ऐन वेळी उघडायची आणि पीठ भिजवलं की लगेच भाजायला टाकायचं. तासभर झाकून ठेवलं तर वायू निघून जातो.

प्रमाण असं: ३०० ग्रॅम मैदा (निम्मी कणीक चालेल), ७५ ग्रॅम ओट्स, ३ चमचे बेकिंग पावडर, १ चमचा मीठ, २ मोठे चमचे गूळ पावडर. त्यात ३३० मिली साधी बिअर. पळीनं दहा-बारा वेळा हलवा, गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. जास्त घोटलं की ब्रेड चिवट होतो. वरून वितळलेलं लोणी. ज्वारीचं पीठ घालायचा मोह आपल्याकडे होणारच, पण ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरीला उकळतं पाणी लागतं ते उगाच नाही. ५० ग्रॅमच्या वर गेलात तर ब्रेडचा भुगा होईल.

ओव्हनमध्ये १८० अंशांवर ५० मिनिटं. कुकरमध्ये तळाला मिठाचा थर, वर स्टँड. शिट्टी आणि रबर काढायचं, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर तासभर.

आता मुख्य मुद्दा. ‘भाजलं की दारू उडते’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अर्ध्या तासानंतर साधारण ३५ टक्के आणि तासाभरानंतर २५ टक्के अल्कोहोल पदार्थात उरतं. आपल्या बिअरमध्ये ५ टक्के अल्कोहोल धरलं तर ते झालं साडेसोळा मिली. भाजल्यावर सुमारे ५ मिली उरेल. बारा तुकडे केले तर तुकड्याला अर्धा मिलीपेक्षा कमी. स्ट्राँग बिअर घेतली तर जास्त.

नशा होण्याइतकं हे नाही, पण शून्यही नाही. घरात माळकरी आजोबा असतील, गरोदर सून असेल, कुणी दारू सोडलेलं असेल, तर न सांगता ताटात वाढणं ही फसवणूकच. लहान मुलांसाठीही वेगळाच करा. बिअर विकत घ्यायला महाराष्ट्रात २१ वर्षं पूर्ण लागतात, हेही लक्षात असू द्या.

वेगळा म्हणजे काय, तर बिअरऐवजी तेवढंच आंबट ताक, बेकिंग पावडर २ चमचे आणि अर्धा चमचा खायचा सोडा. ताकातलं आम्ल आणि सोडा मिळून वायू तयार होतो. बिअरचा कडवट वास येत नाही इतकंच. लसणाच्या चटणीबरोबर मला तर हाच जास्त आवडतो.

उन्हाळ्यात तो बाहेर एक दिवसच टिकतो. उरलेले तुकडे फ्रीजमध्ये ठेवा आणि तव्यावर तूप सोडून भाजून खा.