घरची मोटार : तिची अंतर्बाह्य स्वच्छता

शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव मस्तानीच्या समाधीमुळें अनेकांस ठाऊक आहे. येथें राहणारांचा मात्र दोन गोष्टींशीं त्याहूनही निकटचा परिचय असतो : धूळ फार आणि पाणी थोडें. भीमाशंकराच्या डोंगरांवर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येईपर्यंत बराच ओसरतो. आपला तालुका पर्जन्यछायेंत मोडतो. अशा गांवीं घरची मोटार स्वच्छ कशी राखावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

दोन वर्षांपूर्वीं दसऱ्याच्या आदल्या दिवशीं मीं एक चूक केली. वडिलांना आनंद व्हावा म्हणून जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यानें मोटार जोर लावून पुसली. सायंकाळीं ती आरशासारखी दिसली. पण दुसऱ्या दिवशीं उन्हांत पाहतों तों बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक ओरखडे! वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांचें तें न बोलणेंच मला अधिक लागलें, आणि असें कां झालें याचा मीं शोध घेतला.

मोटारीच्या पत्र्यावर अनेक थर असतात : तळाशीं गंज रोखणारा, त्यावर रंगाचा, आणि सर्वांत वर पारदर्शक लेपाचा. हा वरचा लेप सामान्यतः मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढाच जाड असतो. धुळींतील कित्येक खनिज कण त्याहून कठीण असतात. कोरडें फडकें फिरवितांच ते कानशीचें काम करतात. सबब पहिला नियम हाच कीं, धूळ प्रथम पाण्यानें भिजवून वाहूं द्यावी, पुसणें मागाहून.

आतां पाणी किती लागेल? याच पाबळांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला; हातांनीं काम करीत शिकावें, हें तेथील शिक्षणाचें सूत्र. त्याच रीतीनें आपणही मोजून पाहूं. रबरी नळीखालीं १५ लिटरांची बादली धरावी. ती दीड मिनिटांत भरली, तर मिनिटास १० लिटर आणि वीस मिनिटांत २०० लिटर पाणी गेलें! तेंच काम तीन बादल्यांत, म्हणजे ४५ लिटरांत, उत्तम होतें. एका बादलींत मोटारीचा शॅम्पू मिसळावा, दुसरींत फडकें खळबळावें, आणि तिसरींतील पाणी तांब्यानें घेऊन आरंभीं धूळ भिजवावी व शेवटीं फेंस धुवावा.

आरंभ मात्र आंतून करावा, म्हणजे आंतील केर धुतलेल्या अंगावर उडत नाहीं. पायपुसण्या काढून झटकाव्या, सीटांच्या फटींत ब्रश फिरवावा, आणि डॅशबोर्ड किंचित् ओल्या फडक्यानें पुसावा. बाजारांतून येतांना सांडलेली कांद्याचीं सालें, माती, धान्याचे दाणे हीं सर्व तेथेंच दडून बसतात. आमच्या आजीस मोटारींत बसतांच खोकला येई. सीटा झाडल्यावर तो पुष्कळ कमी झाला. पायपुसण्या ओल्याच परत घालूं नयेत, नाहींतर बुरशी धरते.

समोरची काच आंतूनही पुसावी. उन्हांत तापलेल्या प्लॅस्टिकमधून सूक्ष्म द्रव्यें बाहेर पडून काचेवर त्यांचा धुरकट पापुद्रा बसतो. सायंकाळीं राजगुरुनगरकडे जातांना मावळता सूर्य समोर असतो; त्या वेळीं हा पापुद्रा प्रकाश पसरवितो आणि रस्त्यावरचा मनुष्य दिसेनासा होतो. येथें स्वच्छता ही शोभेची बाब राहत नाहीं.

बाहेरचें काम सावलींत, पत्रा थंड असतां करावें. बोअरच्या पाण्यांत बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. तापलेल्या पत्र्यावर पाणी झटकन् आटतें आणि क्षारांचे पांढरे डाग मागें राहतात. धुणें टपापासून खालीं उतरत करावें, कारण चाकांजवळचा भाग सर्वांत मळका. चाकांचें फडकें निराळेंच ठेवावें. कपड्यांचा सोडा वापरूं नये; तो मेणाचा थर उतरवितो. दारांच्या खालच्या कडेस पाणी निथळण्याचीं बारीक छिद्रें असतात. तीं चिखलानें बुजलीं कीं पाणी आंत सांचून पत्रा आंतून गंजतो. तीं काडीनें मोकळीं करावीं. इंजिनावर पाण्याचा झोत मारूं नये. तेथें विजेच्या जोडण्या असतात. शेवटीं मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानें सर्व अंग टिपून कोरडें करावें, आणि दर तीन-चार महिन्यांनीं मेणाचा पातळ हात द्यावा. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोल राहिले तर मेण शाबूत आहे असें समजावें.

एक गोष्ट विसरूं नये. मोटार ओढ्यांत नेऊन धुण्याची रीत सोयीची खरी, पण तेल आणि साबण त्याच पाण्यांत जातो, जें खालच्या अंगास गुरें पितात. पोळ्याला आपण बैल धुतों तो त्यांच्या श्रमांविषयीं कृतज्ञता म्हणून. मोटार धुतांना त्यांचेंच पाणी नासविणें शोभत नाहीं.

गेल्या दसऱ्यास मीं याच रीतीनें मोटार धुतली. पूजेपूर्वीं वडिलांनीं बॉनेटवरून हात फिरविला व उन्हांत वांकून पाहिलें. जुने ओरखडे होते तसेच होते. नवा एकही नव्हता. मग त्यांनीं झेंडूचा हार माझ्या हातीं दिला आणि म्हणाले, "यंदा तूं घाल."