मोर्चा दीड महिन्याने निघाला, पुरावा पहिल्याच दिवशी गेला!

१४ नोव्हेंबर २००६ रोजी अमरावतीच्या रस्त्यावर आंबेडकरी जनता उतरली, तेव्हा आम्हीही त्या गर्दीत होतो. नुकतीच सनद घेतलेली, अंगावरचा काळा कोट नवा होता. खैरलांजीच्या माय-लेकींसाठी न्याय मागणाऱ्या त्या आंदोलनावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोळी चालवली आणि आपला एक तरुण गेला. अकोल्यात, यवतमाळात, नागपुरात हेच वातावरण होते. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना या उद्रेकामागे नक्षलवाद्यांचा हात दिसला! वऱ्हाडातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत हे आजही कोणाला सांगावे लागत नाही.

सांगावे लागते ते दुसरेच. आपण ज्या दिवशी रस्त्यावर उतरलो, त्याच्या दीड महिना आधीच त्या खटल्यातला अत्याचाराचा मुद्दा पंचनाम्यात आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर मारला गेला होता.

घटना २९ सप्टेंबर २००६ ची. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात आधीच्या मारहाण प्रकरणात या माय-लेकींनी साक्ष दिली होती. त्या प्रकरणातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि संध्याकाळी जमाव घरावर चालून गेला. आई, मुलगी आणि दोन मुले अशी चार माणसे मारली. २ ऑक्टोबरला विजयादशमी होती, धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमलेला आणि तिथून दोन-तीन तासांच्या अंतरावर हे घडलेले. आपल्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. मुलीचा मृतदेह विवस्त्र सापडला होता. अशा वेळी लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने जी तपासणी व्हायला हवी, जे नमुने घ्यायला हवेत, ते काम धड झाले नाही. सरकारच्याच सांगण्यावरून 'यशदा'ने केलेल्या अहवालात पोलीस आणि डॉक्टर या दोघांकडेही बोट दाखवले गेले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. दोषारोपपत्रात बलात्काराचे कलम नव्हते. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. अॅट्रॉसिटी मात्र सिद्ध झाली नाही, विनयभंगही सिद्ध झाला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षांची जन्मठेप केली आणि कारण सूडाचे मानले. जात गेली, स्त्री गेली, उरला तो सूड.

विदर्भाला हे नवे नव्हते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. अंगावर जखम नाही, या एका गोष्टीवर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये संमतीचा इमला उभा केला आणि नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा रद्द केली. त्यावर चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया उठल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला, ठाण्यातले टेबल बदलले नाही.

ते टेबल आम्ही जवळून पाहिले आहे. अकोला जिल्ह्यातले एक ठाणे. ओळख पटू नये म्हणून तालुका आणि वर्ष सांगत नाही. कापूस वेचायला गेलेल्या एका मुलीवर शेतातच अत्याचार झाला. मायबाप तिला घेऊन संध्याकाळी ठाण्यात आले, आम्ही तासाभराने पोहोचलो. ठाणे अंमलदाराने तोवर तीन प्रश्न विचारले होते : पोरगी त्याला आधीपासून ओळखत होती का, एवढ्या उशिरापर्यंत शेतात काय करत होती, आणि जातीचा दाखला आणला का. कागदावर एक अक्षर नव्हते. साहेब बंदोबस्ताला गेले होते, महिला कर्मचारी सुटीवर होती. मुलीची माय भिंतीला टेकून एकच वाक्य घोकत होती, "माही पोरगी खोटं काहून बोलन जी?" तिला कोणी खोटे म्हटले नव्हते. म्हणायची गरजच काय? विचारण्याच्या पद्धतीतच ते आले होते.

कायदा याबाबत आंधळा नाही. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. हद्द आमची नाही, हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर तसे लिहूनच ठेवले आहे. अशा गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहायची, फिर्यादीची प्रत फुकट द्यायची. फिर्याद न लिहिणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खालीही कर्तव्यात कसूर हा गुन्हा आहे. इतक्या वर्षांच्या वकिलीत या कलमांखाली आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला अंमलदार आम्ही पाहिलेला नाही.

नवी मेखही समजून घ्या. बलात्काराची किंवा त्याच्या प्रयत्नाची फिर्याद 'विनयभंग' म्हणून उतरवण्याची खोड जुनी आहे. आता विनयभंगाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने नव्या संहितेप्रमाणे, उपअधीक्षकाच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. चौदा दिवस! एवढ्या वेळात गावात काय काय होते हे वाचकांना ठाऊक आहे. पण अॅट्रॉसिटी कायद्यात २०१८ मध्ये आलेले कलम १८-अ सांगते की गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. म्हणून अॅट्रॉसिटीची कलमे पहिल्याच फिर्यादीत आली पाहिजेत. 'नंतर वाढवू' हे गोड उत्तर ऐकून घरी परतू नका. ती कलमे लागली की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि साठ दिवसांची मुदत सुरू होते. जमिनीवरच्या पोलिसाला नेमके तेच नको असते.

दाखल्याचेही तसेच. फिर्याद लिहिण्यासाठी जातीचा दाखला लागतो असे कोणत्याही कायद्यात नाही. तो तपासात गोळा करायचा कागद आहे. आणि आपल्या मुलीने धर्म बौद्ध सांगितला की काही अंमलदार आजही मान हलवून म्हणतात, मग अॅट्रॉसिटी कशी लागेल? १९९० मध्येच अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. तीस-पस्तीस वर्षांत ही गोष्ट ठाण्याच्या पायऱ्या चढलेली नाही, असे समजायचे का? आम्हाला ते अज्ञान वाटत नाही.

मग येतो दवाखाना. चोवीस तासांच्या आत तपासणी आणि तीही तिच्या संमतीने, हा नियम २००६ पासून आहे. ही तपासणी कशी होत होती, हे उघड करण्यात आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० च्या सुमारास त्यावर सविस्तर अहवाल लिहिला, आणि हा प्रश्न नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून गेला. कुप्रसिद्ध 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी राहील असे बजावले. ठाण्यातून दवाखान्यासाठी पत्र निघायलाच मध्यरात्र झाली, तर हे सगळे निर्णय कपाटात राहतात. कोणीतरी मुलीला सांगतो, बाई, आधी हातपाय धुऊन घे. कपडे धुतले जातात. सांगणारा दयाळूही असेल. पुरावा गेला तो गेला.

हे फक्त दलितांच्या बाबतीत होते असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींचे पालक गुन्हा नोंदवण्यासाठी तासन् तास ठाण्यात बसून होते. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच आठवड्यात अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सहा मुलींच्या छळाचे प्रकरण बाहेर आले. तिथे तक्रार मदत क्रमांकावर गेली, बाल कल्याण समिती शाळेत पोहोचली आणि शिक्षकाला अटक झाली. बदलापूर पेटलेले असताना अकोल्याचे पोलीस तत्पर असणारच, असे कोणी म्हणेल. असू द्या. पण फिर्यादी ठाण्यात एकटा नसला की काय फरक पडतो, तो इथे दिसतो.

आता आपल्या घरचे बोलू. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली आणि बक्षिसाच्या लोभाने काही गावांत असली प्रकरणेही समितीपुढे मिटवण्याचे प्रयत्न झाले. गाव तंटामुक्त होते, मुलगी गाव सोडून मामाकडे जाते. त्या बैठकीत निळ्या टोप्याही असतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरा प्रकार अतिउत्साही कार्यकर्त्यांचा. मुलगी अजून दवाखान्यात आणि तिचे नाव, फोटो निषेधाच्या फ्लेक्सवर! पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्या फ्लेक्सची प्रत आरोपीचा वकील आनंदाने जपून ठेवतो. आणि अर्थसाहाय्यासाठी खोटी फिर्याद केली, हा आरोप ऐकून आपलेच शहाणे लोक मान डोलावतात. बलात्काराच्या गुन्ह्यात पाच लाख, त्यातली अर्धी रक्कम वैद्यकीय अहवालानंतर. कोणती माय या पैशासाठी लेकीला त्या टेबलासमोर उभी करील?

त्या रात्री ठाण्यात आम्ही घोषणा दिल्या नाहीत. एका कोऱ्या कागदावर मायच्या तोंडून दहा ओळी लिहिल्या, तिचा अंगठा घेतला आणि आवक टेबलावर पोच मागितली. अंमलदार नाही म्हणाला. आम्ही म्हणालो, नाही हेच लिहून द्या. मग शिक्का बसला, खाली वेळ पडली : रात्री ८ वाजून २० मिनिटे. विहारातल्या दोन बाया मुलीजवळ बसल्या होत्या. तिने अंगावरचे कपडे बदलू नयेत आणि पाणी लावू नये, एवढेच त्यांचे काम. महिला अधिकारी अकराला आल्या, फिर्याद पूर्ण व्हायला दोन वाजले, पहाटे दवाखाना झाला. प्रत हातात घेऊन बाप कंदील धरावा तशी ती धरून बसला होता.

तीन वर्षांनी खटला उभा राहिला. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांचा पहिलाच प्रश्न अपेक्षित होता : घटना संध्याकाळची, फिर्याद रात्री दोनची, मधले तास तुम्ही कोणाकोणाशी सल्लामसलत करत होता? सरकारी वकिलांनी तो दहा ओळींचा अर्ज न्यायाधीशांपुढे ठेवला. शिक्का, वेळ, सही. बचाव पक्षाने तो कागद दोनदा उलटून पाहिला आणि पुढचा प्रश्न घेतला.