आधी भजन, मग भाषण

मुंबईच्या गिरणगावावर बोलायला उभा राहिलेला वक्ता शाहिरांची नावे घेतो आणि त्याचे पुढचे वाक्य ठरलेले असते : त्यांनी कामगारांना जागे केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचे मोठेपण कुणी नाकारणार नाही. पण परळ-लालबागचा कामगार तोवर झोपलेला होता, असे या वाक्यात धरून चाललेले असते. मुळात तो झोपायचा कधी? एका खोलीत दहा-पंधरा माणसे, तीन पाळ्या आणि पाळीप्रमाणे अंथरूण. खोलीत जागा नाही म्हणून माणसे व्हरांड्यात, पटांगणात, रस्त्यावर असत आणि तिथे काही ना काही वाजत असे. कोकणातून आलेल्यांनी भजन, नमन, दशावतार आणि जाखडी आणली. घाटावरून आलेल्यांनी तमाशा, पोवाडा आणि लेझीम.

भजनी मंडळ चालवायला काय लागते? वर्गणी गोळा करणारा विश्वासू माणूस, हिशेबाची वही, पखवाज ठेवायला कोपरा, ठरल्या वेळी जमायची सवय आणि बुवा गात असताना मध्ये न बोलणारी पाचपन्नास माणसे. युनियनची शाखा काढायलाही याहून वेगळे काही लागत नाही. चळवळी गिरणगावात आल्या तेव्हा ही बैठक तिथे आधीच मांडलेली होती.

लालबावटा कलापथक १९४४ च्या सुमारास उभे राहिले, त्याची रीत पाहिली की हे उमगते. अण्णा भाऊ वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात रमलेले. मेहबूब पटेल, म्हणजे अमर शेख, बार्शीचे; आई मुनेरबीच्या ओव्या-गाण्यांवर वाढलेले. कम्युनिस्ट पक्षाने त्यांना गायला शिकवलेले नाही. उलट पक्षाचे म्हणणे चाळीतल्या माणसाला ऐकवेल अशा घाटात कसे बसवायचे, हे त्यांनी पक्षाला दाखवले. तमाशाचा साचा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला : गण, गवळण, बतावणी, वग. अण्णा भाऊंनी गणातून गणपती काढून तिथे श्रमाला आणि हुतात्म्यांना वंदन ठेवले, गवळण गाळली. मात्र सोंगाड्या, ढोलकी आणि सवालजवाब यांना हात लावला नाही. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही लोकनाट्ये या जुळणीतून आली. सोंगाड्याला राजाची टर उडवायची मुभा परंपरेनेच दिलेली होती. राजाच्या जागी शेटजी बसवला की राजकारण आपोआप होते. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना सरकारने तमाशावर बंधने घातली आणि कलापथकावर बंदी आणली, ती उगीच नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना अत्रे, डांगे, एस. एम. यांच्या भाषणांआधी शाहिरी व्हायची आणि पुष्कळ लोक त्या डफासाठी लवकर येऊन जागा धरायचे.

पण डफ कुणाचा बांधील नसतो. कृष्णराव साबळेही याच मुंबईतले शाहीर. १९६६ मध्ये, ज्या वर्षी शिवसेना स्थापन झाली त्याच वर्षी, त्यांचे ‘आंधळं दळतंय’ आले. मुंबईत मराठी माणसाची होणारी परवड हा त्याचा विषय. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच, हसणारा प्रेक्षकही बऱ्याच अंशी तोच. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि परळची पोटनिवडणूक शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले, तेव्हा लाल बालेकिल्ला पडला असे म्हटले गेले. तो एका निवडणुकीत पडलेला नव्हता. गणेशोत्सव मंडळे, क्रीडामंडळे, गावमंडळे हळूहळू दुसरीकडे झुकत होती. ज्याच्याकडे मंडळ, त्याच्याकडे गल्ली, हा गिरणगावातला जुना हिशेब.

या मंडळांचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. चाळीत जातीच्या भिंती होत्याच. शटलमधला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून गिरणीच्या विणखात्यात दलितांना घेत नसत. जिथे धाग्याचा विटाळ होता तिथे भजनाची बैठक सर्वांना खुली कशी असेल? म्हणून आंबेडकरी जलसे वेगळे उभे राहिले. भीमराव कर्डकांच्या जलशानेही जुना साचा घेऊन त्यात आपला आशय भरला. बायकांचे तर बोलायलाच नको. हौशी नाटकात नायिका बाहेरून, ‘नाइट’ ठरवून आणायची. चाळीतल्या बायका प्रेक्षकांत.

ही हौशी नाटके जिथे होत ते परळचे दामोदर नाट्यगृह. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिचा हा १९२२ चा हॉल. व्यावसायिक नाटकवाल्यांना दादरचे शिवाजी मंदिर जवळचे, गिरगावकरांना केळेवाडीतला साहित्य संघ. दामोदरवर हक्क सांगत ते गावमंडळवाले. गावातल्या शाळेच्या खोलीसाठी किंवा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी नाटक लावायचे, स्मरणिकेत वाण्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती घ्यायच्या, दिवसा साच्यावर उभ्या असलेल्या माणसाने रात्री संभाजी व्हायचे. डबलबारी आणि शक्ती-तुऱ्याचे सामनेही इथेच. कलामूल्य विचारू नका. ते अनेकदा बेताचे असे. पण तिकिटे खपवायला दारोदार फिरलेला कार्यकर्ता मतदारयादीही तोंडपाठ करून बसे, हे राजकीय पक्षांना नाट्यसमीक्षकांपेक्षा लवकर कळले.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि हा सगळा पाया खचला. पगारच गेल्यावर वर्गणी कुठली? संपानंतरच्या पडझडीवर जयंत पवारांनी १९९७ मध्ये ‘अधांतर’ लिहिले. गिरणगावातच वाढलेल्या लेखकाने गिरणी कामगाराच्या घराची मोडतोड घरातूनच दाखवली, म्हणून ते नाटक आजही बोचते. मात्र आता गिरणगाव रंगमंचावर होते आणि प्रेक्षक बाहेरचा. कामगाराने स्वतःसाठी केलेले नाटक आणि त्याच्यावर झालेले नाटक या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कितीही थोर असली तरी पहिलीची जागा घेत नाही.

शंभरी ओलांडून २०२३ च्या नोव्हेंबरात दामोदर पुनर्विकासासाठी बंद झाले. नाट्यकर्मी निषेधासाठी रस्त्यावर उतरले. नाट्यगृह परत हवे आणि पूर्वीएवढेच हवे, ही त्यांची मागणी. ती रास्त आहे. तरी आसने किती, यापेक्षा मला भाड्याचे दरपत्रक आधी पाहायचे आहे. वातानुकूलित, गुळगुळीत नाट्यगृह उद्या उभे राहीलही. पण विरार-बदलापूरला विखुरलेल्या एखाद्या गावमंडळाला आडवारची रात्र तिथे परवडणार आहे का? आणि परवडली, तर तालमीला ते जमणार कुठे? टॉवरमधल्या सोसायटीच्या हॉलमध्ये रात्री दहानंतर ढोलकी चालत नाही. पटांगणात गाड्या उभ्या असतात.