परक्या मुलखात हक्काची पायवाट

लग्न होऊन किंवा पतीच्या नोकरीमुळे इंग्लंडला जाणाऱ्या मराठी गृहिणीची पहिल्या काही महिन्यांची कहाणी बहुधा सारखीच असते. सकाळी पती कामावर निघून जातो. भांडी यंत्रात, कपडे यंत्रात. भाजीवाल्याची हाक नाही, कामवालीची गडबड नाही. शेजारी कोण राहते हेही कळत नाही, कारण कोणाचे दारच उघडे नसते. गाडी चालवण्याचा तिथला परवाना अजून मिळालेला नसतो. त्यातून डिसेंबर असेल तर लंडनला दुपारी चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. मग खिडकीशी बसून माहेरी फोन लावायचा, एवढाच उद्योग उरतो. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांची गतही याहून फारशी वेगळी नसते.

या कोंडीतून सुटायची वाट बऱ्याचदा घरापासून दहा मिनिटांवरच असते. वस्ती संपते तिथे कुंपणाजवळ एक खांब दिसतो आणि त्यावरच्या पाटीवर ‘पब्लिक फुटपाथ’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेचा, फेरीवाल्यांनी व्यापलेला कट्टा. तिकडे त्याला पेव्हमेंट म्हणतात. इंग्लंडमधला फुटपाथ म्हणजे शेतातून, रानातून, ओढ्याच्या काठाने जाणारी साधी मातीची पायवाट.

पाटीवरचा बाण थेट कोणाच्या तरी गव्हाच्या शेतात शिरतो आणि नवखी बाई तिथेच थबकते. दुसऱ्याच्या शेतात कसे शिरायचे? मालक ओरडला तर? कुत्रा सोडला तर? एक तर देश परका, त्यात आपली भाषा अडखळणारी! उगाच अपमान नको म्हणून ती मागे फिरते.

खरे तर मागे फिरण्याचे काहीच कारण नसते. शेत खासगी असले, तरी त्या पायवाटेवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांचे जाळे सुमारे २,२५,००० किलोमीटरचे आहे. शेतकऱ्याने शेत नांगरताना वाट मोडली, तर ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याला भाग असते. म्हणजे तिथून जाणारा माणूस मालकाच्या मेहेरबानीवर चालत नसतो. ‘आपण इथे पाहुणे’ हे ओझे वागवत जगणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट कळली, की त्याची चालच बदलते.

तुरुंगात जाऊन मिळवलेली वाट

हा हक्क इंग्रजांनाही सुखासुखी मिळालेला नाही. मँचेस्टर आणि शेफील्ड ही कारखान्यांची शहरे. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगारांना रविवारी मधल्या डोंगरावर मोकळी हवा हवी असे. पण तिथली माळराने बड्या जमीनदारांच्या मालकीची होती. ग्राउस नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी ती राखलेली असत आणि चालणाऱ्यांना राखणदार हुसकावून लावत.

२४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे कामगारांनी किंडर स्काउट या डोंगरावर उघडपणे घुसखोरी केली. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा लागला. भारतात सविनय कायदेभंग चालू असतानाचाच हा काळ. लंडनचे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तेही याच साली, हा निव्वळ योगायोग!

त्या शिक्षांनी जनमत खवळले. पुढे १९४९ साली कायदा झाला, सार्वजनिक पायवाटांची नकाशावर अधिकृत नोंद सुरू झाली आणि १९५१ साली किंडरचा हाच परिसर ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. १९६५ साली तिथल्या ईडेल गावापासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही वाट खुली झाली. २००० सालच्या कायद्याने तर अनेक माळरानांवर आखलेली वाट सोडूनही फिरण्याची मुभा दिली. ज्या जमीनदार घराण्याच्या राखणदारांनी कामगारांना अडवले होते, त्या घराण्याच्या ड्यूकने २००२ साली, सत्तराव्या स्मृतिदिनी, आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली. उशिरा का होईना, मागितली!

गांधीजींची पायपीट

परदेशात जाऊन चालण्याची गोडी लागलेल्या भारतीयांत एक नाव फार मोठे आहे. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा गाडीभाडे फारच होते असे त्यांच्या ध्यानात आले. मग जिथे काम असेल तिथे अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल अशा बेताने त्यांनी खोली घेतली. रोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले. इंग्लंडातल्या मुक्कामात आपण आजारी असे पडलो नाही ते या सवयीमुळेच, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

मराठी माणसाला तर चालणे नवे नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांचा हा मुलूख. पण कुठेही पोहोचायचे नाही, देवदर्शन नाही, बाजारहाट नाही, नुसतेच चालायचे, हे मात्र आपल्या गृहिणीला चैनीचे वाटते. घरात कामे पडलेली असताना बाई रिकामी भटकते कशी, असे कोणी म्हणायला तिथे नसते, तरी ते तिच्याच मनात वाजत राहते. सासूबाई सात हजार किलोमीटरवर असूनही!

निघण्यापूर्वी

ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी वेष्टनाच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी या वाटा दाखवलेल्या असतात. प्रत्यक्षात पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे जिथे घोडेस्वार आणि सायकलस्वारही येऊ शकतात अशी वाट. मोबाइलवर नकाशा मिळतो हे खरे, पण डोंगरात रेंज जाते. तेव्हा कागदी नकाशा जवळ असावा.

जीन्स आणि सुती कपडे पावसात भिजले की लवकर वाळत नाहीत आणि अंगात थंडी भरते. त्यापेक्षा लवकर वाळणारी पँट, वर पावसाळी जाकीट आणि खोल खाचांच्या तळव्याचे बूट बरे. कुंपण ओलांडायला जागोजागी लाकडी पायऱ्या असतात. त्या साडीत चढणे अवघड जाते, म्हणून आईंना सलवार-कमीज घालायला आधीच राजी करावे. डब्यात पोळीची गुंडाळी, थर्मासमध्ये आल्याचा चहा असला की जेवणासाठी हॉटेल शोधावे लागत नाही.

फाटक उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंदच ठेवायचे, हा तिथला शिरस्ता. वासरे असलेल्या गायींपासून मात्र चार हात दूर राहावे. आपल्या गोठ्यातल्या गरीब गायीचा अनुभव इथे चालत नाही. अशा गायींनी माणसांना तुडवून मारल्याच्या घटना ब्रिटनमध्ये घडलेल्या आहेत. हिवाळ्यात कितीही चालले तरी तिथल्या उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व मिळत नाही, तेव्हा त्याबाबत डॉक्टरांना विचारलेले बरे.

एकटीने जायची धास्ती वाटत असेल, तर १९३५ पासून काम करणाऱ्या ‘रॅम्बलर्स’ या संघटनेचे स्वयंसेवक गावोगावी लोकांना बरोबर घेऊन चालतात. त्यांच्या आरोग्यासाठीच्या छोट्या फेऱ्या विनामूल्य असतात. भुयारी रेल्वेत नजरेला नजर न देणारा इंग्रज पायवाटेवर समोरून आला की हमखास ‘हॅलो’ म्हणतो, हवेबद्दल एखादे वाक्य बोलतो. दिवसभरात नवऱ्याशिवाय कोणाशीही न बोललेल्या बाईला त्या एका वाक्याचे मोल काय असते, ते तिलाच विचारावे.

एप्रिल-मे महिन्यांत झाडांखाली ब्लूबेलच्या निळ्या फुलांचा गालिचा पसरतो. तो पाहावा, पण कंद उपटू नयेत. कायद्याने मनाई आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र कुंपणांवर काळीभोर ब्लॅकबेरी लगडते आणि ती घरच्यापुरती खुडायला कोणाची हरकत नसते. साखर घालून आटवली की पोळीशी छान लागते. खुडताना शेजारच्या नेटलच्या पानांना तेवढा हात लागू देऊ नये, भयंकर आग होते.

आणि कधी काटेरी तार लावून कोणी वाट अडवलेली दिसली, तर मुकाट्याने माघारी येऊ नये. वाटेची जागा आणि अडथळ्याचा फोटो तिथल्या कौन्सिलला पाठवता येतो. सार्वजनिक वाट खुली ठेवणे ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. तक्रार करणारी बाई नाशिकची आहे की नॉटिंगहॅमची, याने त्यात काही फरक पडत नाही.