चक्र फिरू लागलं, की दोष कुणाचा?

डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि शिरूर परिसरातले घाट पुन्हा गजबजले. ज्यांना घाटावर जाता येत नाही, ते यूट्यूबवर थेट प्रक्षेपण बघतात. बारी, म्हणजे एक धाव, काही सेकंदांत संपते. नेमकं तेव्हाच पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं, तर बैल घाट चढून गेलेले असतात आणि हाती फक्त निकाल येतो.

‘नेट स्लो आहे’ हे यावरचं घरोघरचं निदान, आणि महागडा प्लॅन हा उपाय. पण व्हिडिओ अडखळण्याची मुख्य ठिकाणं तीन असतात: घरापर्यंत येणारी लाइन, घरातलं वायफाय आणि खुद्द संगणक. दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत, एक रुपयाही खर्च न करता कळू शकतं.

यूट्यूबच्या व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबलं, की यादीत ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ दिसतं. त्यातला ‘बफर हेल्थ’ हा आकडा पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवले आहेत ते सांगतो. थेट प्रक्षेपणात हा साठा मुळातच थोडा असतो, म्हणून तपासणी जुन्या व्हिडिओवर करावी. आकडा शून्याकडे घसरत असेल, तर अडचण लाइनची किंवा वायफायची. साठा भरपूर, पण ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा वाढत चाललाय, तर संगणक दमतो आहे.

लाइन की वायफाय, हे ठरवायला लॅन केबल पुरते. राउटरला केबलने संगणक जोडल्यावर व्हिडिओ सुरळीत चालला, तर लाइन निर्दोष, दोष वायफायचा. राउटर पुढच्या खोलीत, संगणक आतल्या खोलीत आणि मध्ये दोन जाड भिंती, अशी बऱ्याच घरांतली मांडणी असते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतं, २.४चं लांब पोचतं, पण मंद आणि गर्दीचं. राउटर उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. फ्रिजमागे किंवा लोखंडी कपाटात नको.

केबल लावूनही अडखळत असेल, तर वेग मोजावा. नेटफ्लिक्स ७२० पिक्सेलसाठी ३, १०८० साठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. भारतात २०२३पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे नावाला ब्रॉडबँड असूनही चित्र अडू शकतं. अशा वेळी व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ४८० निवडावं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा: ५ एमबीपीएसने तासाभरात सुमारे सव्वादोन जीबी खर्च होतात. रोजचा २ जीबीचा कोटा तासाच्या आतच संपतो, आणि मग वेग जवळजवळ थांबतो.

जुन्या संगणकाचं दुखणं वेगळं. व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती बदलत गेल्या: एच.२६४ ही २००३ची, व्हीपी९ २०१३ची, एव्ही१ २०१८ची. नव्या पद्धती उलगडणारी सोय जुन्या चिपमध्ये नसते. सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंगावतो, आवाज नीट येतो पण चित्र धक्के खातं. ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन सुरू आहे का ते पाहावं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा, नको ते टॅब बंद करावेत. चित्र हिरवं किंवा काळं पडत असेल, तर मात्र तेच अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघावं. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३पासून येतच नाहीत.

लाइट जाऊन आल्यावर संगणकाची तारीख काही वर्षं मागे गेली, तर व्हिडिओच काय, वेबसाइटही उघडत नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलला आणि तारीख नीट लावली, की काम होतं.

राहिला प्रश्न संध्याकाळी मंदावणाऱ्या नेटचा. पुण्याला नोकरीसाठी रोज ये-जा करणारे दौंडकर आणि रांजणगाव एमआयडीसीतून सुटलेले कामगार एकाच सुमारास घरी पोचतात, आणि एकाच लाइनवर अनेक घरांचा भार पडतो. केबल लावून पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजावा, आठवडाभराचे आकडे वहीत लिहावेत आणि नेटवाल्याकडे तक्रार करताना तेच दाखवावेत. फक्त रात्रीच वेग पडतो असं त्यातून दिसलं, तर प्लॅन बदलण्याआधी त्याच्याकडून लाइन तपासून घ्यावी.