बदाम पिळा, काजू गाळू नका!

बदामाचं दूध म्हणजे व्हीगन मंडळींची नवी टूम असं वाटत असेल, तर जरा सहाशे वर्षं मागे चला. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड, त्याच्या खानसाम्यांनी १३९०च्या सुमारास ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ नावाचं पाककृतींचं बाड लिहून ठेवलं. त्यात जागोजागी बदामाचं दूध! कारण उपास. ईस्टरआधीच्या दिवसांत दूध, लोणी, अंडी बंद, म्हणून बड्या घरचे स्वयंपाकी बदाम वाटून भागवत. आपण एकादशीला दाण्याच्या आमटीवर भागवतो तसंच.

कृती आजही तीच. वाटीभर बदाम रात्री भिजत घाला. सकाळी एकेक बदाम चिमटीत दाबला की सालातून सटकन निसटतो, दोन-चार ओट्याखाली जातातच. मग तीन-चार वाट्या पाणी घालून मिक्सरमधून फिरवा आणि चक्का बांधायच्या पंचातून करकचून पिळा. पांढरा रंग येतो तेलामुळे. बदामात जवळपास निम्मं तेल असतं. पात्यांखाली त्याचे सूक्ष्म थेंब होतात, बदामातली प्रथिनं त्यांना एकत्र येऊ देत नाहीत आणि थेंबांवरून उजेड विखुरतो. फ्रिजमध्ये पाणी खाली, साय वर असं झालं तर दूध नासलं म्हणून ओतून देऊ नका. विकतच्या डब्यात ते एकजीव ठेवणारे डिंक घातलेले असतात, तुमच्या बाटलीत नाहीत. हलवा आणि प्या. तीन-चार दिवसांत संपवा मात्र.

काजूला पिळापिळी नको. भिजला की इतका मऊ वाटला जातो की गाळायला मागे काही उरतच नाही. आळशी माणसाने इथूनच सुरुवात करावी. काजू आंब्याचा आणि बिब्ब्याचा भाऊबंद. बिब्ब्याचा गुण त्याच्या टरफलात उतरलाय, त्यातलं तेल अंगाला लागलं की कातडी सोलवटते. कोकणात ओले काजू सोलणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत ना?

नारळाचं तंत्र उलटं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणून खोबऱ्याला कोमट पाणीच हवं. गार पाण्यात निम्मा ऐवज चोथ्यातच राहतो. आणि रस काढल्यावर खळखळून उकळलात की फुटलाच. सोलकढी चुलीवर चढवत नाहीत ती उगाच नाही.

शेंगदाणा तूर-मुगाच्या गोतावळ्यातला, त्यामुळे त्याच्या कच्च्या दुधाला डाळीचा उग्र वास येतो. आधी हलके भाजून घ्या. सगळ्यात गंमत मात्र स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची. तिथलं लाडकं थंडगार पेय ‘ओर्चाता’ ज्या चुफापासून करतात, तो जमिनीखालचा चिमुकला कंद. आपल्याकडचे शेतकरी ज्या लव्हाळ्याला शिव्या घालत उपटतात, त्याच्या सख्ख्या चुलतभावाचा! तिथले लोक ओर्चाता लांबट गोड पावासोबत चवीने पितात.

‘प्राणिमुक्त’ म्हणवणाऱ्या बदामदुधामागेही मजूर आहेत: मधमाश्या. जगातले बहुतांश बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि फेब्रुवारीत तिथल्या बागा फुलल्या की अमेरिकाभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये घालून तिथे नेतात.

कॉफीत बदामाचं दूध फुटतं, कारण कॉफी आंबटही असते आणि कडकडीतही. कॉफी थोडी निवू द्या, दूध कोमट करा आणि कॉफी दुधात हळूहळू ओता. एवढं लक्षात ठेवा की घरच्या बदामदुधात गाईच्या दुधाइतकं कॅल्शियम नसतं, प्रथिनंही थोडकीच. तान्ह्या बाळाला दुधाऐवजी हे पाजायचा उत्साह नको.

आणि चोथा? फेकाल तर खबरदार! थालीपिठाच्या भाजणीत मळा, किंवा मिरची-कोथिंबीर घालून चटणी वाटा. लाडवात घालायचा असेल तर तुपावर पार कोरडा होईस्तोवर भाजा, नाहीतर लाडवांना बुरशी धरेल.