पाठपिशवीतली शेगडी
पाठपिशवीत मावणाऱ्या गॅस शेगडीचे सगळे वागणे डब्यातल्या द्रवाची वाफ किती सहज होते यावर ठरते. डब्यात इंधन द्रवरूपात असते, बर्नरला मात्र वायू लागतो. समुद्रसपाटीला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणून दुकानात बर्नरची ताकद विचारण्याआधी डब्यावर छापलेले मिश्रण वाचावे.

प्रोपेन थंडीत इतका उपयोगी असूनही सगळे डबे त्याचेच भरलेले नसतात, याचे कारण त्याचा दाब. २० अंशांना प्रोपेनचा दाब बाहेरच्या हवेच्या आठपट असतो, ब्युटेनचा जेमतेम दुप्पट. त्यामुळे निव्वळ प्रोपेनला जाड पोलादी बाटली लागते. अमेरिकेत मोटारीने जाऊन तंबू ठोकणारे लोक ४६५ ग्रॅम प्रोपेनची बाटली दोन बर्नरच्या शेगडीला जोडतात; ती रिकामी असतानाही जवळजवळ गॅसइतकीच जड भरते. गाडीच्या डिकीत हे ओझे चालते, पाठीवर चालत नाही. चालणाऱ्यांसाठी आट्यांचे हलके डबे असतात. त्यांत बहुधा ७० ते ८० टक्के ब्युटेन किंवा आयसोब्युटेन आणि उरलेला प्रोपेन असतो.

सह्याद्रीत ब्युटेनच्या लांबट, स्वस्त डब्यावर काम भागते, कारण गडावरच्या हिवाळी रात्रीही पारा सहसा शून्याच्या खाली जात नाही. तरीही पहाटेच्या चहाला ज्योत मलूल होते. वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता गमावतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पेटत्या शेगडीचा डबाही गार पडतो आणि त्यावर दव धरते. हिमालयातल्या मुक्कामावर शून्याखाली ब्युटेनचा डबा जवळपास निरुपयोगी ठरतो. तिथे प्रोपेनचे मिश्रणच हवे, पण त्याचाही एक गुण लक्षात ठेवावा लागतो. आधी प्रोपेन निघून जातो आणि तळाशी ब्युटेन उरतो, म्हणून अर्धा झालेला डबा नव्या डब्यापेक्षा थंडीला लवकर हार मानतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपणे, स्वयंपाकाच्या वेळी तो ताटलीतल्या साध्या पाण्यात उभा करणे, एवढ्याने बराच फरक पडतो. ज्योतीवर किंवा उकळत्या पाण्यात डबा गरम करणे जिवावर बेतू शकते.

वारा थंडीपेक्षाही जास्त इंधन खातो. कोकणकड्यावर उघड्यावर ठेवलेल्या शेगडीची ज्योत भांड्याच्या बुडाला लागतच नाही. आडोसा करावा, पण बर्नर थेट डब्यावर बसत असेल तर चारी बाजूंनी पत्रा लावू नये. कोंडलेली उष्णता डब्यात उतरते आणि ५० अंशांच्या पुढे डबा जाता कामा नये. हात लावून पाहावा, चटका बसला तर लगेच बंद करावे. नळीने डब्यापासून दूर राहणाऱ्या शेगडीला हा धोका कमी असतो. तिची बैठकही रुंद असते, त्यामुळे चौघांच्या खिचडीचे पातेले तिच्यावर कलंडत नाही. मोठ्या गटाने तीच घ्यावी.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम गॅस ४६ किलोज्यूल देतो, पण त्यातला निम्मा वाया जातो. म्हणजे लिटरला १५ ग्रॅम, आणि २३० ग्रॅमच्या डब्यात साधारण १५ लिटर. झाकण न ठेवल्यास हा आकडा झपाट्याने घसरतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या जरा खालीच उकळते. लेहला ८८ अंशांच्या आसपास. तिथे तूरडाळ शिजता शिजत नाही. मूग किंवा मसूर न्यावी, भिजवून ठेवावी.

डबा जोडण्याचे काम तंबूबाहेर, जवळ काहीही पेटलेले नसताना करावे. रबरी रिंग फाटलेली नाही ना ते बघावे, आटे सरळ धरून हाताने फिरवावेत आणि सांध्याला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की गळती आहे. गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो आला तर काडी ओढू नये. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. दोन्ही खाली साचतात. तंबूत किंवा बंदिस्त गुहेत शेगडी पेटवणे आणखी एका कारणाने घातक आहे. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. ज्योत निळी असावी. ठिणगीचे बटण उंचीवर आणि ओलाव्यात दगा देते, म्हणून काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत असावी.

रेल्वेत आणि विमानात गॅसचा डबा नेण्यास मनाई आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या, पर्यटकांच्या रेल्वेडब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण दगावले. लेह किंवा मनालीला पोहोचल्यावर तिथेच डबा विकत घ्यावा.

रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरून घेण्याची युक्ती सर्रास चालते. ती करू नये. घरगुती गॅसमध्येही प्रोपेन असतो, त्यामुळे फक्त ब्युटेनसाठी बनवलेल्या पातळ पत्र्यावर नको तितका दाब येतो. शिवाय द्रव काठोकाठ भरला तर उन्हात त्याला फुगायला जागा उरत नाही. वजन करून डबा संपल्याची खात्री करावी, उरलासुरला वायू उघड्यावर जाळून टाकावा आणि डबा गडावर न सोडता खाली आणावा.